चढउतारांचा हिशेब : उपनगरी घरातील ध्वनिमुद्रण आणि कंप्रेसर

गाणाऱ्याचा आवाज एकाच पातळीवर कधीच राहत नाही. भावगीताच्या मुखड्यातील एखादा शब्द जवळजवळ कुजबुजल्यासारखा येतो आणि अंतऱ्यात तार षड्जावर पोहोचताना तोच गळा कित्येक पटींनी अधिक जोर लावतो. समोर बसलेल्या श्रोत्याला हे अंतर सुखावते, कारण त्याची नजर गायकावर असते, सभागृह शांत असते आणि बारीक स्वर आला की कान आपोआप टवकारले जातात. हेच गाणे घरी ध्वनिमुद्रित करून मोबाइलवर ऐकले, की कुजबुजलेला शब्द हरवतो आणि तार षड्ज कानावर आदळतो. सर्वात बारीक आणि सर्वात मोठ्या ध्वनीमधील या अंतराला ध्वनीचा पल्ला म्हणता येईल. हा पल्ला ठरवून आखडता घेणारे साधन म्हणजे कंप्रेसर. गाण्याची फाइल लहान करून तिची एमपी३ बनवण्याच्या प्रक्रियेशी त्याचा काही संबंध नाही. तिथे माहिती कमी केली जाते, इथे आवाजाचे चढउतार कमी केले जातात.

एके काळी हे साधन फक्त मोठ्या स्टुडिओत असे, आणि असे स्टुडिओ मुंबईच्या उपनगरांत पुष्कळ होते. 1934 मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभे राहिले, 1943 मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान सुरू झाले आणि 2005 मध्ये अंधेरीत यशराजचा स्टुडिओ आला. परंतु गेल्या दोन दशकांत ध्वनिमुद्रण या वास्तूंमधून बाहेर पडून आसपासच्या इमारतींतील शयनगृहांत शिरले आहे. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने 2014 साली एका आयपॅडच्या आधारे घरच्या घरी ‘आफत’ तयार केले आणि अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरमधून आलेल्या डिवाइनबरोबर त्याचे नाव देशभर झाले. आज बोरिवलीत भावगीतांची मालिका करणारी गायिका, मुलुंडमध्ये अभंग ध्वनिमुद्रित करणारे भजनी मंडळ आणि घाटकोपरमध्ये जाहिरातीसाठी चाल बांधणारा तरुण संगीतकार, या सर्वांच्या संगणकात कंप्रेसर असतोच, कारण रीपर, गॅरेजबँड किंवा फुकट मिळणारी ऑडॅसिटी यांपैकी कोणतीही प्रणाली घेतली तरी तो तिच्यासोबत येतो. साधन असे सहज हाताशी आले. ते केव्हा आणि किती वापरायचे याचे शिक्षण मात्र त्याच्यासोबत आलेले नाही.

कंप्रेसरचे काम समजण्यासाठी डेसिबल या मापाची थोडी ओळख लागते. हे माप बेरजेचे नसून पटीचे आहे: विद्युतसंकेत दुप्पट झाला की पातळी सुमारे 6 डेसिबलने वाढते आणि दहापट झाला की 20 डेसिबलने. संगणकातील मापकावर सर्वात वरची खूण शून्याची असते. तिच्यापलीकडे संकेत गेला की त्याची टोके छाटली जाऊन आवाज फाटतो, म्हणून प्रत्यक्षातील सगळ्या पातळ्या शून्याखाली, उणे आकड्यांत मोजल्या जातात. ज्या पातळीच्या वर गेलेला आवाज दाबायचा, त्या पातळीला थ्रेशोल्ड म्हणतात, आणि वर गेलेला भाग किती प्रमाणात दाबायचा हे गुणोत्तराने सांगितले जाते. समजा, थ्रेशोल्ड उणे 20 डेसिबलवर आहे, गुणोत्तर 4:1 आहे आणि गायिकेची सर्वात जोरदार तान उणे 8 पर्यंत जाते. ही तान मर्यादेच्या 12 डेसिबल वर गेली. कंप्रेसर त्या 12 मधला चौथा हिस्सा, म्हणजे 3 डेसिबल, तेवढाच वर राहू देतो. परिणामी तान उणे 17 वर येते आणि तिच्यात 9 डेसिबलची घट होते. मुखड्यातला उणे 30 वर असलेला शब्द मर्यादेखालीच असल्याने त्याला कोणी हात लावत नाही. आता सगळे गाणे बारीक झालेले असते, म्हणून संपूर्ण ध्वनिमुद्रण 9 डेसिबलने उचलले जाते. या उचलीला मेकअप गेन म्हणतात. तान पुन्हा उणे 8 वर पोहोचते आणि कुजबुजलेला शब्द उणे 21 वर येऊन स्पष्ट ऐकू येऊ लागतो. कंप्रेसर बारीक आवाज वाढवतो असे सर्रास म्हटले जाते, परंतु प्रत्यक्षात तो मोठा आवाज खाली आणतो. बारीक आवाज वाढतो तो नंतरच्या उचलीमुळे.

या उचलीतच उपनगरी घराची खरी अडचण दडलेली आहे. वरच्या उदाहरणात खोलीतील पंख्याची घरघर उणे 58 वर असेल, तर शब्दांबरोबर तीही 9 डेसिबलने उचलली जाऊन उणे 49 वर येते, म्हणजे तिचा संकेत जवळजवळ 2.8 पट होतो. जोराची ओळ चालू असेपर्यंत कंप्रेसर सगळेच दाबून धरतो, पण गायिका थांबली की तो आपली पकड सोडतो आणि त्या रिकाम्या जागेत घरघर फुगून वर येते. पुढची ओळ सुरू होताच ती पुन्हा दबते, आणि ऐकणाऱ्याला खोली श्वास घेत असल्याचा भास होतो. ध्वनिरोधक स्टुडिओत मागची शांतता इतकी गाढ असते, की ती 9 डेसिबलने उचलली तरी कोणाला कळत नाही. उपनगरातील इमारतीत अशी शांतता मुळात नसते. निवासी भागासाठी देशाच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलेली मर्यादाच दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. शिवाय घाटकोपर आणि मुलुंड मध्य रेल्वेच्या, अंधेरी आणि बोरिवली पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून वाढलेली आहेत, पूर्वेकडून मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या परिसरावरून जातात, 2014 पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो घरांच्या खिडक्यांच्या उंचीवरून धावते आहे आणि पुनर्विकासाला निघालेल्या शेजारच्या इमारतीवर ड्रिल चालू असते. म्हणून घरी वापरलेल्या कंप्रेसरची किंमत शांततेत मोजावी लागते, आणि उपनगरी घराकडे शिल्लक सर्वात कमी असते ती शांततेचीच. घरच्या ध्वनिमुद्रणाविषयीचे बहुतेक मार्गदर्शन हा मुद्दा बाजूला ठेवून थेट आकडे सुचवते. ते आकडे अमेरिकेतील किंवा युरोपातील शांत खोल्यांसाठी योग्य असले, तरी स्वामी विवेकानंद रस्त्यालगतच्या तिसऱ्या मजल्यावर ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

शांततेची ही तूट भरून काढण्याचा पहिला उपाय कंप्रेसरच्या पडद्यावर सापडत नाही, तो मायक्रोफोनच्या जागेत सापडतो. ध्वनीचा उगम आणि मायक्रोफोन यांतील अंतर निम्मे केले, की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, आणि रस्त्याचा किंवा पंख्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. मायक्रोफोन 30 सेंटिमीटरवरून 15 सेंटिमीटरवर आणला, तर कंप्रेसरने पुढे खर्च करायच्या 9 पैकी 6 डेसिबल आधीच जमा झालेले असतात. या जवळिकीचे तोटेही आहेत. एकाच दिशेचा आवाज घेणारे मायक्रोफोन जवळून खर्ज वाढवतात, ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा वारा त्यांच्यावर आदळतो, त्यामुळे मध्ये जाळीचा पडदा लावावा लागतो. जवळ गेल्याने डोके हलवण्याचे परिणामही मोठे होतात: 15 सेंटिमीटरवर असलेला गायक 15 सेंटिमीटर मागे सरकला तर पातळी 6 डेसिबलने पडते, तर 60 सेंटिमीटरवर असलेला तेवढाच मागे सरकला तर ती जेमतेम 2 डेसिबलने पडते. रागसंगीत गाणाऱ्यांचे हात आणि मान स्वरांबरोबर फिरत असतात, त्यामुळे घरी त्यांच्यासाठी अंतर निवडताना जवळिकीचा लाभ आणि हालचालीची मोकळीक यांत तडजोड करावीच लागते.

खोलीचाही विचार इथेच करायला हवा. गुळगुळीत फरशी, गिलाव्याच्या समोरासमोरच्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या यांमुळे उपनगरातील लहान खोलीत आवाज भिंतींवरून उसळत राहतो, आणि कंप्रेसर या उसळत्या शेपटीलाही पंख्याच्या घरघरीइतक्याच तत्परतेने उचलतो. गायकाच्या मागे दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट आणि खाली सतरंजी एवढ्याने ही उसळी बरीच शमते. बाहेरचा गोंगाट मात्र गोधडीने थांबत नाही. त्यासाठी वेळ निवडावी लागते, आणि मध्यरात्री शेवटची लोकल गेल्यापासून पहाटे पहिली सुटेपर्यंतचे तास अनेक घरगुती ध्वनिमुद्रकांनी आपलेसे केले आहेत ते याच कारणाने. रुळांजवळच्या घरात गाडीची खोल धडधड कानाला फारशी जाणवत नाही, पण मायक्रोफोन ती टिपतो, आणि कंप्रेसर तिलाच मोठा आवाज समजून गायकाला विनाकारण दाबतो. म्हणून गायनाच्या ध्वनिमुद्रणावर सुमारे 80 हर्ट्झखालचा भाग काढून टाकणारी चाळणी कंप्रेसरच्या आधी लावावी, नंतर नव्हे. हा क्रम उलटा झाल्याने बिघडलेली ध्वनिमुद्रणे उपनगरांत विपुल असावीत.

कंप्रेसरचा जन्म मुळात सुगम श्रवणासाठी झालेला नाही, माध्यमांच्या अपुरेपणातून झाला आहे. 1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गायिकेला कर्ण्यात गावे लागे. त्या काळात बारीक स्वर तबकडीवर उमटतच नसे आणि अतिजोराचा स्वर खाचेला पेलत नसे, त्यामुळे कर्ण्यापासून पुढे-मागे होऊन आवाजाचा पल्ला सांभाळण्याचे काम गायकाच्या शरीरावरच पडे. 1925 नंतर विजेवर चालणारे मायक्रोफोन आले, नभोवाणी पसरली, आणि प्रक्षेपकाला झेपेल त्याहून मोठा संकेत गेला तर प्रसारण फाटत असल्याने आवाजाला कमाल मर्यादा घालणारी यंत्रे 1930 च्या दशकात प्रचारात आली. चित्रपटाच्या पट्टीवर प्रकाशाने कोरलेल्या ध्वनिमार्गाचा पल्लाही तोकडा होता. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी संवाद, संगीत आणि पार्श्वध्वनी एकत्र मिसळण्याचे जे काम केले, ते अशाच मर्यादित जागेत प्रत्येक ध्वनीला त्याचे स्थान देण्याचे काम होते. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेत एलए-२ए आणि 1176 ही दोन यंत्रे आली. पहिल्यात आवाजाच्या जोरानुसार एक दिवा उजळतो आणि त्याच्या प्रकाशाने बदलणारा विद्युतरोध आवाज दाबतो, त्यामुळे त्याची पकड हळू आणि मऊ असते; दुसरे ट्रान्झिस्टरवर चालते आणि सेकंदाच्या काही लाखांशांत झडप घालते. आज संगणकात मिळणारे बरेच कंप्रेसर या दोहोंच्या नकला आहेत, आणि गायनासाठी पहिल्या जातीची नक्कल निवडल्यास नवख्याच्या हातून सहसा फार नुकसान होत नाही.

आवाजाचा चढउतार हाच जिथे अर्थ असतो, तिथे कंप्रेसर चालवणे म्हणजे अर्थ पुसणे होय. बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’ (1949) या चित्रपटासाठी खेमचंद प्रकाश यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली ‘आयेगा आनेवाला’ मुद्रित होताना लता मंगेशकर मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात त्याच्याकडे चालत आल्या. दुरून येणाऱ्या, दिसत नसलेल्या स्त्रीचा आभास एवढ्याच युक्तीने साधला. त्या चालण्याने निर्माण झालेला पातळीतील फरक आजच्या सवयीप्रमाणे सपाट केला असता, तर ती स्त्री पहिल्या ओळीपासून शेजारी येऊन बसली असती. ख्यालातही विलंबित आलापात स्वर हळूहळू भरत जाणे, मींडेच्या शेवटी तो विरून जाणे आणि समेवर तो ठामपणे येणे या गोष्टी शोभेच्या नाहीत, तेच गाणे आहे. म्हणून रागसंगीताच्या घरगुती ध्वनिमुद्रणात गुणोत्तर 2:1 च्या वर नेऊ नये आणि सर्वात जोरदार जागीही घट 2 ते 3 डेसिबलपलीकडे जाऊ देऊ नये. शक्य असेल तर कंप्रेसर मुळीच लावू नये. भावगीतात शब्द कळलाच पाहिजे, तेव्हा तिथे 3:1 पर्यंत जाण्यास हरकत नाही. रॅपचा प्रकार वेगळा आहे: तिथे अक्षरामागून अक्षर सारख्याच जोराने ठोकले जाणे अपेक्षित असते आणि मागचा ठेका दाट असतो, त्यामुळे जड कंप्रेशन त्या शैलीचाच भाग झाले आहे. सर्वांना लागू होणारा एकच आकडा सांगणारा सल्ला म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

वाद्यांच्या बाबतीत कंप्रेसरचे काळाशी असलेले नाते महत्त्वाचे ठरते. मर्यादा ओलांडल्यावर पकड किती वेळात घट्ट करायची याला अटॅक म्हणतात आणि आवाज खाली आल्यावर ती किती वेळात सोडायची याला रिलीज; दोन्ही सेकंदाच्या सहस्रांशांत, म्हणजे मिलिसेकंदांत, मोजतात. तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ पहिल्या काही मिलिसेकंदांतच आपले तेज दाखवून जातो. अटॅक 1 मिलिसेकंद ठेवला तर ते तेजच दाबले जाते आणि बोल पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा ऐकू येतो, तर 20 ते 30 मिलिसेकंद ठेवला तर थापेची धार सुटून जाते आणि फक्त मागची आस आवरली जाते. ढोलकीलाही हेच लागू आहे, किंबहुना अधिक, कारण लावणीतील ढोलकीची जान तिच्या शाईच्या पुडीवरच्या कडक बोटांत आहे. डग्ग्याची गोष्ट निराळी. त्याचा घुमारा सुमारे 100 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे त्याचे एक कंपन पुरे व्हायला 10 मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याहून कमी ठेवला तर कंप्रेसर प्रत्येक कंपनागणिक पकडतो-सोडतो आणि घुमारा खरखरीत होतो. पेटीचा स्वर भात्याच्या दाबावर आधीच बऱ्यापैकी सम असतो, तिला कंप्रेसरची गरज क्वचितच भासते. तानपुऱ्याला तर तो लावूच नये, आणि मुख्य म्हणजे गायन, तबला आणि तानपुरा यांच्या एकत्रित मिश्रणावर जड कंप्रेसर ठेवू नये. तसे केल्यास तबल्याच्या प्रत्येक थापेसरशी तानपुरा खाली जातो आणि पुन्हा वर येतो, आणि ज्याच्या अखंडतेवर सगळे गाणे उभे असते तोच स्वर डळमळू लागतो.

कंप्रेसरकडे वळण्यापूर्वी करायचे एक काम कंटाळवाणे असल्याने टाळले जाते, पण त्याला पर्याय नाही. ध्वनिमुद्रण ओळीओळीने ऐकून जिथे शब्द बुडाला असेल तिथे तेवढाच तुकडा हाताने उचलावा आणि जिथे स्वर उसळला असेल तिथे तेवढाच उतरवावा. कोणता शब्द महत्त्वाचा हे माणसाला कळते, कंप्रेसरला फक्त पातळी कळते. हे काम झाल्यावर कंप्रेसरला 9 ऐवजी 3 डेसिबलची घट पुरते, आणि पंखा तेवढाच कमी उचलला जातो. ओळींमधल्या रिकाम्या जागा पूर्ण बंद करणारे गेट नावाचे साधन या घरघरीवर उपाय म्हणून सुचवले जाते; बोलण्याच्या ध्वनिमुद्रणात ते चालते, परंतु गायनात ते आकाराची विरत जाणारी शेपटी तोडते, म्हणून त्याचा मोह टाळणे बरे.

गाणे मोठ्याने वाजावे म्हणून शेवटी सगळ्या मिश्रणावर कंप्रेसर आणि आवाजाला कमाल मर्यादा घालणारा लिमिटर चढवण्याची स्पर्धा सीडीच्या काळात जगभर माजली होती. तिचे प्रयोजन आता उरलेले नाही. ऐकणाऱ्याला सरासरी किती मोठे वाटते ते मोजण्यासाठी लफ्स हे एकक आले आहे, आणि स्पॉटिफाय, यूट्यूब यांसारख्या सेवा त्या मापाने उणे 14 च्या आसपासहून मोठे असलेले गाणे वाजवताना आपोआप खाली आणतात. उणे 8 पर्यंत दाबून फुगवलेले गाणे तिथे उणे 14 वरच वाजते, मात्र दाबताना गेलेली थापेची धार परत येत नाही. तरीही दुसरी बाजू नाकारता येत नाही. बोरिवलीहून चर्चगेटला निघालेल्या भरगच्च डब्यात इयरफोन लावून ऐकणाऱ्याला ख्यालातला मंद्र स्वर ऐकूच येणार नाही, आणि त्या श्रोत्याचा विचार करणे हेही संगीतकाराचे काम आहे. त्यासाठी मिश्रणावर एखाद-दुसऱ्या डेसिबलची मऊ घट पुरते, किंवा मूळ गाण्यात थोडे दाबलेले गाणे समांतर मिसळता येते, ज्यामुळे बारीक जागा भरतात आणि मोठ्या जागा जशाच्या तशा राहतात.

शेवटचा मुद्दा मुद्रणाच्या क्षणाविषयीचा आहे. फितीच्या काळात बारीक आवाज फितीच्या सळसळीत बुडू नये म्हणून ध्वनिमुद्रक आवाज आत घेतानाच दाबत असत. 24-बिट मुद्रणात सैद्धांतिक पल्ला सुमारे 144 डेसिबलचा असल्याने ती गरज संपली आहे. घरी मुद्रण करताना सर्वात जोरदार स्वर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील असे बघावे, कंप्रेसर नंतर लावावा आणि तो न लावलेली मूळ प्रत जपून ठेवावी, कारण दाबलेला आवाज पुन्हा खात्रीने मोकळा करता येत नाही. मुलुंडच्या भजनी मंडळाचे अभंग असोत किंवा बोरिवलीतल्या एखाद्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आजच्या मोबाइलसाठी घडवलेली प्रत पंचवीस वर्षांनंतरच्या श्रोत्याला पुरेलच असे नाही. 24-बिट, 48 किलोहर्ट्झ आणि एका मायक्रोफोनचे ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे 8.6 मेगाबाइट जागा घेते. दहा मिनिटांच्या ओव्या 90 मेगाबाइटहून कमी जागेत मावतात, तेव्हा ती प्रत कोणी पुसू नये.